पेपर्टचें कासव आणि प्राथमिक शिक्षक

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत शाळेंतील संगणकाची चर्चा कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर आमच्यापाशीं आहे, परंतु तें आमचें नव्हे. ज्या ग्रंथाचें परीक्षण येथें करावयाचें आहे त्याच्या कर्त्यानेंच तें देऊन ठेविलें आहे. सेमूर पेपर्ट यांनीं १९८७ सालीं एक निबंध लिहून असें प्रतिपादन केलें कीं, ज्याप्रमाणें वाङ्मयाला टीका असते त्याप्रमाणें शिक्षणांतील संगणकालाहि एक टीका असावयास पाहिजे. आणि वाङ्मयाच्या टीकाकाराचा हेतु जसा वाङ्मयाची निंदा करण्याचा नसून तें समजून घेण्याचा असतो, तसाच या नव्या टीकाकाराचाहि असावा. ज्यांचें आयुष्य महाविद्यालयांत वाङ्मय शिकविण्यांत गेलें अशा आमच्यासारख्यांस हें निमंत्रण नाकारवेना. म्हणून त्यांचाच १९८० सालीं प्रसिद्ध झालेला 'माइंडस्टॉर्म्स' हा ग्रंथ आम्हीं टीकेसाठीं निवडला आहे. ग्रंथ चाळीस वर्षांहून जुना आहे खरा; पण आज प्राथमिक शाळांतून जे पडदे नि जीं यंत्रें दिसतात, त्यांच्यामागें जें स्वप्न आहे तें इतक्या गोड भाषेंत सांगणारा दुसरा ग्रंथ आमच्या वाचनांत नाहीं. स्वप्नाचा हिशेब घ्यावयाचा तर तें जेथें उत्तम रीतीनें सांगितलें गेलें तेथेंच तो घेणें न्यायाचें होय.

पेपर्ट यांचा जन्म १९२८ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरिया येथें झाला. ते मूळचे गणिती. जिनीव्हा येथें झां पियाजे या बालमानसशास्त्रज्ञाच्या सहवासांत त्यांनीं कांहीं वर्षें काढलीं, आणि पुढें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयांत ते अध्यापक झाले. १९६७ च्या सुमारास वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन प्रभृति सहकाऱ्यांसह त्यांनीं, मुलांना संगणकाशीं बोलतां यावें म्हणून, 'लोगो' नांवाची एक सोपी आज्ञाभाषा तयार केली. 'माइंडस्टॉर्म्स' हें त्या उद्योगाचें तत्त्वज्ञान होय. २०१६ सालीं ते निवर्तले.

ग्रंथाची प्रस्तावना हा ललित निबंधाचा एक सुंदर नमुना आहे. लहानपणीं आपणांस मोटारीच्या दंतचक्रांचें वेड कसें लागलें, एक चक्र फिरलें कीं दुसरें किती फिरेल याचा विचार करतां करतां पाढे नि समीकरणें जुन्या स्नेह्यांसारखीं कशीं भेटलीं, हें लेखक सांगतात. आणि लगेच ते सावधहि होतात. माझीं चक्रें दुसऱ्याच्या हातीं दिलीं म्हणून माझें प्रेम त्याला देतां येणार नाहीं. प्रत्येक मुलाला त्याचें स्वतःचें चक्र सांपडलें पाहिजे. हवें तें रूप घेणारा संगणक हा असंख्य मुलांचीं असंख्य चक्रें होऊं शकेल, ही त्यांची आशा. शिकणें हा जितका बुद्धीचा तितकाच प्रीतीचा व्यापार आहे, हा विचार ज्या ग्रंथांत अगदीं आरंभींच येतो तो ग्रंथ आम्ही आदरानें वाचूं लागतों.

आतां कासवाकडे वळूं. हें कासव म्हणजे कधीं जमिनीवर चालणारें एक छोटें यंत्र, कधीं पडद्यावरील एक चिन्ह. 'पुढें १००' म्हटलें कीं तें शंभर पावलें सरळ जातें नि मागें रेघ उमटते. 'उजवीकडे ९०' म्हटलें कीं जागच्या जागीं काटकोनांत वळतें. या दोन आज्ञा चार वेळां दिल्या कीं चौरस झाला. मग मूल त्रिकोण काढूं जातें. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हें त्यानें पाठ केलेलें असतें. म्हणून तें प्रत्येक कोपऱ्यावर 'उजवीकडे ६०' अशी आज्ञा देतें. पण त्रिकोण होतच नाहीं. षट्कोनाच्या तीन बाजू काढून कासव उघड्यावर थांबतें. चूक कोठें झाली? पेपर्ट सुचवितात, मुलाला म्हणावें, तूंच कासव हो आणि चालून पाहा. मूल उठतें, चालतें, कोपऱ्यावर वळतें. आणि त्याच्या पायांना कळतें कीं वळावयाचें तें आंतल्या कोनानें नव्हे, बाहेरच्या कोनानें. ६० नव्हे, १२०. तीन कोपऱ्यांवर मिळून ३६०. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर मिळूनहि ३६०च. आकृति पुरी करून कासव मूळच्या जागीं मूळच्या दिशेला तोंड करून उभें राहिलें कीं त्याची स्वतःभोवतीं एक फेरी पुरी झालेली असते. जो सिद्धान्त आम्हीं शाळेंत केवळ घोकला, तो येथें मुलाच्या अंगांतून निघतो.

या लहानशा प्रसंगांत पेपर्टच्या विचाराचें सार आहे. आमच्या शाळांत चूक म्हणजे लाल शाईची रेघ. ती पाहून मुलानें मान खालीं घालावी नि उत्तर पुसून टाकावें. पेपर्टच्या वर्गांत चूक म्हणजे आज्ञांच्या यादींत कोठें तरी दडून बसलेला किडा. तो लाजण्याचा नव्हे, शोधण्याचा विषय. उत्तर बरोबर कीं चूक हा तेथें प्रश्नच नाहीं. दुरुस्त करतां येईल काय, एवढाच प्रश्न आहे. गणिताच्या भीतीनें ज्यांचें बाळपण काळवंडलें अशीं माणसें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबांत एक-दोन तरी सांपडतील. त्यांनीं हीं पृष्ठें वाचलीं तर आपला अपराध आपण समजत होतों तेवढा मोठा नव्हता, असें समाधान त्यांस लाभेल.

ग्रंथांत एके ठिकाणीं आणखी एक चित्र आहे. आम्हांस तें सर्व ग्रंथाचा प्राण वाटतें. एक मूल नि त्याचा शिक्षक मिळून कासवाच्या आज्ञांतील चूक शोधीत असतात. 'चला, आपण मिळून करूं' असें शिक्षकानें म्हणणें मुलांना नवें नसतें. पण उत्तर शिक्षकाच्या खिशांत आहे नि तो केवळ सोंग करीत आहे, हें त्यांना पक्कें ठाऊक असतें. येथें मात्र मुलाच्या ध्यानांत येतें कीं शिक्षकालाहि उत्तर खरोखरीच माहीत नाहीं. आणि तें आश्चर्यानें थक्क होतें. ज्ञानी माणूस शोध कसा घेतो, अडतो कसा, अडल्यावर काय करतो, हें त्या मुलानें त्या क्षणीं प्रथमच पाहिलें. कोणत्याहि शाळेनें मुलाला याहून मोठें काय द्यावयाचें?

येथपर्यंत आम्ही पेपर्टच्या पाठीमागून आनंदानें चालत आलों. येथें मात्र थांबून विचारावेंसें वाटतें: हा शिक्षक आला कोठून? चाळीस मुलांदेखत 'मला ठाऊक नाहीं' असें म्हणण्याचें धैर्य त्याला कोणीं दिलें? एका मुलाजवळ इतका वेळ बसतां यावें म्हणून बाकीच्या एकोणचाळिसांना कोणीं सांभाळलें? दुसऱ्या दिवशीं तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानें 'आज किती धडे झाले?' असें विचारलें तेव्हां त्यानें काय सांगितलें? ग्रंथांत या प्रश्नांचा विचार नाहीं. हें एखाद्या नाटकांत, ज्याच्या एका प्रवेशावर सर्व कळस उभा आहे असें पात्र नाटककारानें पुन्हां बोलावूंच नये, तसें झालें आहे.

हा विसर आकस्मिक नव्हे. पेपर्टची दृष्टि मुळीं शाळेवर नाहींच. मूल बोलावयास जसें आपोआप शिकतें, किंवा फ्रान्समध्यें वाढणारें मूल जसें फ्रेंच शिकतें, तसें संगणकाच्या योगानें उभारलेल्या 'गणितभूमींत' मूल गणित शिकेल. आणि मग आज आपण ओळखतों त्या शाळेला भविष्यांत स्थान उरणार नाहीं, असें ते आरंभींच सांगतात. शेवटच्या प्रकरणांत ते ब्राझीलमधील सांबा नृत्याच्या मंडळांचें चित्र रंगवितात: लहानथोर, नवशिके नि कसलेले, सगळे एकत्र नाचतात नि एकमेकांकडून शिकतात. चित्र मनोहर आहे. पण तेथेंहि जाणता नर्तक मधूनच नवशिक्यांना बाजूला घेऊन पाऊल दाखवितोच कीं! गुरु तेथें नाहीं असें नाहीं. तो नर्तकांच्या गर्दींत मिसळलेला असल्यामुळें दिसत नाहीं, इतकेंच.

ग्रंथानें शाळांना वेड लाविलें. कासव अमेरिकेंत नि इंग्लंडांत वर्गावर्गांत गेलें. परंतु १९८४ सालीं न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट या शिक्षणसंस्थेंतील रॉय पी व मिडियन कर्लंड यांनीं असें दाखविलें कीं, 'लोगो' शिकलेलीं मुलें कामाची आंखणी करण्याच्या कौशल्यांत इतर मुलांहून पुढें गेलेलीं दिसत नाहींत. याला पेपर्टनीं १९८७ च्या त्याच निबंधांत उत्तर दिलें. 'लोगोचा परिणाम काय?' हा प्रश्नच खुळा आहे, असें त्यांचें म्हणणें. लांकडानें घर चांगलें होतें काय, असें कोणी विचारील काय? घराचें बरेंवाईटपण लांकडावर अवलंबून नसतें. त्यापासून काय व कसें बांधलें यावर असतें.

उत्तर मार्मिक आहे. आम्ही तें संपूर्ण मान्य करतों. पण दृष्टान्त एकदां घेतला कीं शेवटपर्यंत न्यावा लागतो, हा वाङ्मयटीकेचा पहिला नियम. लांकूड आपण होऊन घर बांधीत नाहीं, हें खरें. मग घर कोण बांधतो? सुतार! पेपर्टच्या निबंधांतील दृष्टान्तांत लांकूड आहे, घर आहे, सुतारहि आहे. 'माइंडस्टॉर्म्स'मध्यें मात्र सुताराला बोलावण्याचें राहून गेलें. आणि ज्या सरकारांनीं नि संस्थांनीं पुढें शाळांना यंत्रें पुरविलीं त्यांपैकीं पुष्कळांनीं नेमका हाच दोष त्यांच्याकडून उचलला: लांकडाच्या गाड्यांवर गाड्या शाळेच्या दारांत उतरविल्या, नि सुताराला पोंचपावतीवर सही करावयास लाविली.

सुताराची बाजू ज्यानें मांडली असा ग्रंथ म्हणजे लॅरी क्यूबन यांचा १९८६ सालीं निघालेला 'टीचर्स अँड मशीन्स'. क्यूबन हे विद्यापीठांत अध्यापक होण्यापूर्वीं वर्षानुवर्षें शाळेंत इतिहास शिकवीत होते. त्यामुळें त्यांच्या लेखणीला खडूचा वास आहे. भाषेच्या सौंदर्यांत ते पेपर्टच्या जवळपासहि येत नाहींत; पण त्यांच्या प्रत्येक पानावर वर्ग दिसतो. १९२२ सालीं एडिसननें भाकीत केलें होतें कीं, चलच्चित्रें लवकरच क्रमिक पुस्तकांची जागा बव्हंशीं घेतील. मग रेडिओ आला, मग दूरचित्रवाणी आली. प्रत्येक वेळीं तेंच चक्र: आधीं जयघोष, मग पंडितांचे प्रयोग, मग अपेक्षेहून फारच कमी वापर, आणि शेवटीं सर्व दोष शिक्षकाच्या माथीं. १९६४ सालीं अमेरिकन सामोआ बेटांवर तर मुख्य धडा पडद्यावरील शिक्षकानें द्यावा नि वर्गांतल्या शिक्षकानें त्याची तयारी नि उजळणी तेवढी करून घ्यावी, अशी व्यवस्था झाली. पुढच्या दशकांत तेथेंहि पडदा पूरक साधनाच्या जागेवर येऊन बसला.

शिक्षक हट्टी असतात म्हणून असें होतें काय? क्यूबन म्हणतात, नाहीं. एका खोलींत तीस-चाळीस मुलें, घड्याळाचा तास, ठरलेला अभ्यासक्रम, शिस्तीची जबाबदारी, इतक्या बंधनांत जो माणूस उभा आहे तो साधन निवडतांना तीन गोष्टी पाहतो: तें ऐन वेळीं दगा देणार नाहींना, हव्या त्या क्षणीं थांबवितां येईलना, आणि माझ्या आजच्या अडचणीवर तें उपयोगी आहेना. खडू, फळा नि पुस्तक या तिन्ही कसोट्यांस उतरतात; म्हणून ते टिकले. हा हट्ट नव्हे, व्यवहार आहे. पेपर्टनें मुलाकडे ज्या सहानुभूतीनें पाहिलें, त्याच सहानुभूतीनें क्यूबननें शिक्षकाकडे पाहिलें आहे. दोन्ही ग्रंथ जोडीनें वाचावेत, असें आम्ही सुचवितों. एकटा पेपर्ट वाचणारा उतावळा होतो, नि एकटा क्यूबन वाचणारा निराश.

गणितापुरतेंच हें खरें आहे असें कोणी म्हणेल, म्हणून विज्ञान व लेखनवाचन यांचें एकेक उदाहरण पाहूं. १९८९ सालीं अमेरिकेंतील नॅशनल जिऑग्राफिक संस्थेनें प्राथमिक शाळांसाठीं 'किड्स नेटवर्क' नांवाची योजना सुरू केली. गांवोगांवच्या मुलांनीं पावसाचें पाणी धरावें, त्यांतील आम्लता मोजावी, आणि ते आंकडे टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांस पाठवावे. कल्पना खरोखरीच सुंदर! परंतु दशकभरानें, २००० सालीं, अशा योजनांशीं जवळून संबंध आलेल्या फेल्डमन, कोनोल्ड व कोल्टर यांनीं जो ग्रंथ लिहिला त्यांत प्रांजळपणें कबूल केलें कीं, आंकडे गोळा करण्यांत व पाठविण्यांत मुलांचा बहुतेक वेळ खर्ची पडे, आणि त्या आंकड्यांचा अर्थ काय याचा विचार फारच थोडा होई. जेथें शिक्षक थांबून 'आपल्या गांवचा आंकडा शेजारच्या गांवाहून निराळा कां?' असें विचारी नि मुलांना वाद घालूं देई, तेथें विज्ञान घडे. तार हजार मैलांवर पोंचली. प्रश्न मात्र खोलींतल्या माणसालाच विचारावा लागला.

लेखनाचें उदाहरण याहून उद्बोधक आहे. बर्ट्रम ब्रूस व अँडी रुबिन यांनीं १९८० नंतरच्या दशकांत 'क्विल', म्हणजे पिसाची लेखणी, या नांवाची संगणकसाधनें प्राथमिक वर्गांतील मुलांच्या लेखनासाठीं तयार केलीं, आणि निरनिराळ्या वर्गांत त्यांचें काय झालें याचा वृत्तान्त १९९३ सालीं ग्रंथरूपानें दिला. अलास्कांतील दूरदूरच्या खेड्यांपर्यंत तीं साधनें गेलीं होतीं. कर्त्यांना असें दिसून आलें कीं 'क्विल' नांवाची एकच वस्तु जगांत नव्हतीच. जितके शिक्षक तितकीं 'क्विलें'! एका शहरी शाळेंत वर्गांत यंत्र एकच होतें. आपली पाळी येईपर्यंत मुलें भोंवतीं घुटमळत, तेवढ्यांत दुसऱ्यांचे कच्चे लेख वाचीत, त्यांवर बोलत, नि त्यामुळें स्वतःचें लिहिणें सुधारीत. हें साधन बनविणाऱ्यांनीं योजिलें नव्हतें. पण एखादा शिक्षक 'रांगेंत बोलायचें नाहीं' म्हणून ओरडला असता तर हा लाभ तेथेंच संपला असता. यंत्राच्या अभावांतून निघालेला हा गुण शिक्षकाच्या मौनानें जगला.

आणि याच्या उलट टोंकाचें उदाहरण पेरू देशाचें. पेपर्टच्याच विचारांतून स्फूर्ति घेतलेल्या 'प्रत्येक मुलामागें एक संगणक' या चळवळींत त्या देशानें खेड्यापाड्यांतील मुलांना लक्षावधि यंत्रें वांटलीं. ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास होऊन २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथें यंत्रें गेलीं तेथें दर विद्यार्थ्यामागें संगणकांचें प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलें. गणित व भाषा यांच्या परीक्षांत मात्र कांहींहि फरक आढळला नाहीं. सामान्य आकलनशक्तींत थोडी वाढ दिसली, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. पण लांकूड दसपट झालें नि घर होतें तेवढेंच राहिलें, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं.

दुसऱ्याच्या देशाचे दोष काढणें सोपें असतें. म्हणून आतां थोडें घरचें. आम्ही शाळेंत असतांना, १९८० नंतरच्या दशकांत, आमच्या शाळेंत एक संगणक आला. त्याच्यासाठीं खोली रंगविली, पडदे लावले, आणि देवघरांत शिरावें तसें चपला बाहेर काढून आंत जाण्याचा नियम झाला. आमचे गणिताचे गुरुजी मोठे जाणते. फळ्यावर खडूनें हातानें काढलेलें त्यांचें वर्तुळ पाहून कंपासानें लाजावें. त्या यंत्राला हात लावण्याची परवानगी मात्र त्यांना नव्हती. बाहेरून एक तरुण येई नि कळफलक दाखवून जाई. गुरुजी दाराशीं उभे राहून पाहत. त्या दाराशीं उभ्या असलेल्या मूर्तीचा अर्थ आम्हांस तेव्हां कळला नाहीं.

कळला तो पुष्कळ वर्षांनीं, आणि आमच्याच फजितींतून. प्राथमिक शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गांत आम्हांस व्याख्यानासाठीं बोलाविलें होतें. आम्हीं दीड तास पेपर्ट, पियाजे नि एकविसावें शतक यांवर अस्खलित भाषण केलें. शेवटीं मागच्या बांकावरून एक बाई उठल्या नि अगदीं नम्रपणें म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगितलेलें सगळें पटलें. पण सोमवारीं पांचवीला माझा अपूर्णांकांच्या बेरजेचा तास आहे. त्यांत हें कोठें बसवूं?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आणि पेपर्टच्या ग्रंथांतील त्या शिक्षकाप्रमाणें 'मला ठाऊक नाहीं. चला, मिळून पाहूं' असें म्हणण्याचें धैर्यहि नव्हतें. आम्हीं कांहीं तरी भारदस्त बोललों नि चहाला गेलों. ज्या धैर्याची अपेक्षा आम्ही त्या शिक्षकांकडून करीत होतों, तें व्यासपीठावर उभ्या असलेल्या आमच्याच अंगीं नव्हतें; मग तें त्यांना आमच्यापासून मिळावें कसें?

त्या बाईंच्या प्रश्नांत, आमच्या मतें, या सर्व विषयाची किल्ली आहे. शिक्षकाला साहाय्य करावयाचें तर आरंभ यंत्रापासून नव्हे, सोमवारच्या तासापासून केला पाहिजे. यंत्राचीं दहा बटणें दाखविणारें प्रशिक्षण पुष्कळ होतें; एका धड्यांतील एका अडचणीवर एक साधन घेऊन चार शिक्षक एकत्र बसले आहेत, स्वतः मुलांसारखे चुकत आहेत, हंसत आहेत, पंधरा दिवसांनीं वर्गांत काय घडलें तें सांगावयास पुन्हां जमत आहेत, असें क्वचितच होतें. जो स्वतः त्रिकोण काढतांना ६० वर अडला नाहीं, त्याला अडलेल्या मुलापाशीं केव्हां गप्प बसावें नि केव्हां 'चालून पाहा' म्हणावें, हें कळणार नाहीं. त्याचबरोबर, 'या धड्याला हें साधन नको, खडूच बरा' असें म्हणण्याचा अधिकारहि शिक्षकाला असला पाहिजे. नाकारण्याची मोकळीक नसेल तर स्वीकाराला किंमत उरत नाहीं.

साधनाचें आपल्याला वावडें आहे असें मात्र नव्हे. आपल्या पूर्वजांनीं गणिताला 'पाटीगणित' म्हटलें. ज्या पाटीवर तें करावयाचें तिचेंच नांव विद्येला मिळालें. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिकविणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत 'क्यूआर' खुणा छापून त्यांतून मुलांना धडे ऐकण्यापाहण्याची सोय करण्याच्या त्यांच्या उपक्रमाबद्दल. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनीं शेवटच्या फेरींतील इतर नऊ शिक्षकांत वांटली, हें त्यांच्या मनाच्या मोठेपणाचें. पण आमच्या विषयापुरती मोलाची गोष्ट ही कीं, येथें कल्पना वर्गांतून वर गेली, वरून वर्गांत आली नाहीं. तीच खूण पुढें हजारों शाळांच्या पुस्तकांत छापली जाते तेव्हां तेथील शिक्षकालाहि ती आपली वाटते, कीं शाईचा एक चौकोनी ठिपका वाटते, यावर तिचें भवितव्य ठरेल.

त्या पांचवीच्या बाई आम्हांस वर्षभरानें पुन्हां भेटल्या. आम्हीं ओशाळून त्या तासाची चौकशी केली. त्यांनीं सांगितलें तें असें: मुलांनीं १/२ व १/३ यांची बेरीज २/५ अशी केली होती, वरच्यांत वरचे मिळविले, खालच्यांत खालचे. बाईंनीं चार-पांच पाट्यांचीं छायाचित्रें आपल्या मोबाईलवर घेतलीं, नांवें झांकलीं, नि शाळेच्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मोठीं करून दाखविलीं. 'हें बरोबर कीं चूक' असें विचारलें नाहीं. 'हें उत्तर अर्ध्याहून मोठें कीं लहान?' एवढेंच विचारलें, नि गप्प राहिल्या. थोड्या वेळानें एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, अर्ध्यांत भर घातली तर अर्ध्याहून कमी कसें होईल?" आणि मग सगळा वर्ग चूक शोधावयास लागला.

बाईंनीं पेपर्टचें नांवहि ऐकलेलें नव्हतें. ऐकलें असेल तर आमच्याच व्याख्यानांत, नि तें त्या विसरल्या होत्या. परंतु किड्याची गोष्ट त्यांच्या वर्गांत अक्षरशः घडली होती. कासवावांचून, साध्या मोबाईलवर. 'माइंडस्टॉर्म्स'मध्यें ज्या पात्राला नाटककारानें पुन्हां बोलावलें नाहीं, तें हेंच. ग्रंथ थोर आहे; ज्याच्या घरीं मूल आहे अशा प्रत्येक सुशिक्षित वाचकानें तो वाचावा. मात्र वाचून झाल्यावर मुलाच्या शाळेंत गेलांत तर 'येथें यंत्रें किती?' असें विचारूं नका. 'येथील शिक्षकांना एकत्र बसून चुकावयाला वेळ मिळतो काय?' असें विचारा. उत्तर 'होय' आलें तर यंत्र एक असलें तरी पुरे; 'नाहीं' आलें तर शंभर असून उपयोग नाहीं.